चवळीखाऊ

वोरोकियानं पातेल्यावरचं झाकण उचललं, चवळीचा एक दाणा बोटांत धरून दाबला आणि झाकण परत ठेवलं. शिजली होती. मीठ तिनं मुद्दामच कमी घातलं होतं. मीठ नीट पडलं तर पहिल्या घासाला लासिना कोनेला बोलायला काही उरत नसे, आणि न बोलता जेवणारा लासिना तिनं आजवर पाहिला नव्हता.

"आला का गं तुझा गुलाम?" शेडमधून नान्तेनेनं विचारलं.

"सकाळी सीमेवर होता. झेगुआचं नाकं ओलांडलं असेल आता."

"मग येईलच वखवखलेला. पलीकडची चवळी संपवली असेल ह्या कोने लोकांनी."

आंबे चिरणाऱ्या बायका हसल्या. सुऱ्या थांबल्या नाहीत. हंगामाचे पहिले आंबे होते, अमेली जातीचे, आणि शेडमध्ये गोड-आंबूस वास आत्ताच दाटला होता. वीज पहाटेच गेली होती. मागं जनरेटर घरघरत होता, आणि त्या आवाजानं वोरोकियाचं डोकं सकाळपासून धरलं होतं. खरं म्हणजे ते गेलं वर्षभर धरलेलंच होतं.

देम्बेले आणि कोने या दोन कुळांत थट्टेचं नातं आहे. ते कुणी जोडलं हे विचारायचं नसतं. आजोबांच्या आजोबांनी, असं म्हणून मोकळं व्हायचं. देम्बेलेला कोने भेटला की त्याला चवळीखाऊ म्हणायचं, आपला गुलाम म्हणायचं, आणि त्यानं तेच उलट ऐकवायचं. राग धरायची सोय नाही. पण हे नातं नुसत्या शिव्यांवर थांबत नाही. थट्टेतल्या माणसानं त्या नात्याच्या नावानं काही मागितलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. रुसून माहेरी गेलेली बायको आणायची असो की बांधावरून पेटलेलं भांडण विझवायचं असो, इथं सिकासोत लोक आधी असा माणूस शोधतात. पोलीस नंतर.

लासिना कोने पलीकडच्या देशातला, कोरोगोचा. वोरोकियाचा थोरला भाऊ झुमाना याच्याशी त्याची मैत्री झाली तीही शिव्यांतूनच, बाजारात एका टोपलीवरून. आंबे उगाच सडतात, ते वाळवून युरोपात पाठवावेत, हे डोकं झुमानाचं. पैसा लासिनाचा. माल सिकासोत वाळायचा, लासिनाच्या ओळखीनं सीमा ओलांडायचा आणि तिकडच्या आबिजानच्या बंदरातून बोटीत चढायचा. झुमाना गेला तेव्हा कारखाना बुडणार असं सगळे धरून चालले होते. लासिनानं मात्र वोरोकियाला सांगितलं, "तुझा भाऊ आळशी होता. आता जरा काम होईल." भाऊ गेल्यावर ती तेव्हा पहिल्यांदा हसली होती.

गाडीचा आवाज आला. वोरोकियानं नेसूच्या टोकाला हात पुसले आणि ती फाटकाकडे गेली. लासिनाची पांढरी गाडी आत आली आणि तिच्यामागून एक ट्रक आला. ट्रक रिकामा होता. आंब्यांच्या दिवसांत कोरोगोहून सिकासोला रिकामे ट्रक रोजच येतात, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. पण ते ट्रक बागांकडे जातात. हा फाटकातून आत आला, वळला आणि शेडकडे पाठ करून उभा राहिला.

"या, या!" नान्तेने दारातूनच ओरडली. "गुलाम आला गं! पोटाला फडकं बांधून आला!"

लासिना गाडीतून उतरला. त्यानं टोपी काढली. नान्तेनेकडे बघून मान लववली आणि म्हणाला, "नमस्कार. सगळ्या बऱ्या आहात ना?"

नान्तेनेचं तोंड उघडंच राहिलं. ती स्वतः देम्बेले नव्हती, पण देम्बेल्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर तिनं तो हक्क स्वतःकडे घेतला होता आणि लासिनानंही तो कधी नाकारला नव्हता. दरवेळी तो उतरल्या उतरल्या तिला म्हणायचा, म्हातारे, तू अजून मेली नाहीस?

ऑफिसात लासिना खुर्चीच्या कडेवर बसला. त्यानं खिशातून पानात गुंडाळलेली कोलाची बोंडं काढली आणि टेबलावर, वोरोकियाच्या पुढ्यात ठेवली. कोला लग्नाची मागणी घालायला आणतात, मरणाची खबर द्यायला आणतात. वोरोकियानं त्याला हात लावला नाही.

"घरचे बरे आहेत?" लासिनानं विचारलं.

"बरे आहेत."

"मुलं बरी?"

"बरी."

"भाऊजींची तब्येत?"

"बरी आहे. लासिना, चवळी गार होतेय."

"पोट जरा ठीक नाही," तो म्हणाला. "तुम्हाला उगीच त्रास झाला, वोरोकियाबाई."

इतक्या वर्षांत तो तिला बाई म्हणाला नव्हता. चोर म्हणाला होता, टोळधाड म्हणाला होता, एकदा आबिजानच्या बंदरावर, कस्टमच्या साहेबासमोर, ही माझी पळून गेलेली गुलाम आहे हिला पकडा म्हणाला होता आणि साहेबानं हसत हसत कागदावर शिक्का मारला होता. पुढं तो काय सांगणार ते तिला त्याच क्षणी कळलं. तरी त्यानं सांगितलं, आणि तिनं ऐकून घेतलं.

कागदावर काही बदललेलं नाही, तो म्हणाला. सीमा उघडी आहे, नोटा त्याच आहेत, ट्रक चालू आहेत. पण तुमचा देश शेजारी देशांच्या संघातून बाहेर पडला, आणि उद्या काय होईल हे कुणी लिहून द्यायला तयार नाही. आबिजानचे माझे तिन्ही भागीदार म्हणतात, उद्या जकात बसली तर? उद्या फाटक लावलं तर? ज्या बँकेनं आंबा वाळवायच्या ड्रायरसाठी पैसे दिले ती बँक म्हणते, आमचं तारण संघाच्या हद्दीत पाहिजे. मालाचा विमा उतरवायला कुणी पुढं येत नाही. हॉलंडचा खरेदीदार दर आठवड्याला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो.

"मलाही विचारतो," वोरोकिया म्हणाली.

"कोरोगोला जागा बघितलीय. तिथं ड्रायर बसतील. आंबा इथूनच घेऊ, कच्चा. भाव चांगला देऊ." तो थांबला. "तुम्ही तिकडे येऊन सगळं बघावं असं माझं म्हणणं आहे. पगार तुम्हीच सांगा."

"आणि ह्या?"

शेडमधून सुऱ्यांचा आवाज येत होता.

गेल्या हिवाळ्यात दोन मोठे ड्रायर आले होते, लाकडी खोक्यांत बंद. ते बसवायला आबिजानहून माणूस यायचा होता. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. त्या खोक्यांच्या भरवशावर वोरोकियानं यंदा दुप्पट बायकांना बोलावलं होतं. कुणी बटाट्याच्या शेतावरचं काम सोडून आली होती, कुणी बाजारातली आपली बसायची जागा दुसरीला देऊन. जुन्या दोन ड्रायरवर एवढ्या जणींचं काम निघणं शक्य नव्हतं. खोकी शेडच्या कोपऱ्यात उभी होती आणि त्यांच्यावर बायका जेवणाचे डबे ठेवत होत्या.

वोरोकियाला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसता थकवा आला. संघानं तीन वर्षांपूर्वी इथल्या सरकारला धडा शिकवायचा म्हणून सीमा बंद केल्या तेव्हा राग येऊन गेला होता. सरकार काय शिकलं ते सरकार जाणे. तिचा वाळवलेला माल मात्र गोदामात पडून काळा झाला होता. म्हणून संघ सोडल्याची घोषणा झाली तेव्हा चौकात ढोल वाजले, आणि नान्तेने सगळ्यांत पुढे नाचली. वोरोकिया नाचली नव्हती. पण तिलाही बरं वाटलं होतं, आणि तिनं ते लासिनाला फोनवर सांगितलंही होतं. बरं केलंत, तो म्हणाला होता, गुलाम पळाले की मालकाला कळतं घर कोण झाडत होतं. दोघंही खूप हसले होते. त्यानंतर काहीच झालं नाही. फक्त फोन कमी येऊ लागले.

"ट्रक त्यासाठीच आणलास," ती म्हणाली.

"हो."

"कागद तुझ्याच नावावर आहेत. मला विचारायची गरज नव्हती."

"होती," लासिना म्हणाला. "म्हणून आलो."

ट्रकवरची माणसं तोवर शेडमध्ये शिरून खोक्यांची मापं घेत होती. एकानं बायकांचे डबे उचलून जमिनीवर ठेवले. नान्तेनेनं सुरी खाली ठेवली.

"ए, हे काय चाललंय?"

"न्यायचंय आजी. मालकांनी सांगितलंय."

"कोण मालक?"

त्या माणसानं ऑफिसकडे बोट दाखवलं. एकेक करून सुऱ्या थांबल्या. वोरोकिया दारात आली तेव्हा शेडमध्ये जनरेटरची घरघर तेवढी उरली होती. सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. ती काही सांगेल म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि मग सांगायची गरज राहिली नाही.

"तू नाचलीस ना चौकात," मागून कुणीतरी नान्तेनेला म्हणालं. "आता नाच."

"नाचले! पुन्हा नाचेन!" नान्तेने वळून कडाडली. "आपल्याच घरात मान वर करून राहायला मिळालं तर काय रडायचं होतं? त्याचा नि ह्या खोक्यांचा काय संबंध?" पण आवाज शेवटी चिरकला. मग ती वोरोकियाजवळ आली, तिचा दंड धरला आणि हळू म्हणाली, "बस जा."

"काय?"

"खोक्यावर बस. तू देम्बेले आहेस, तो कोने आहे. तू बसलीस की तुला उठवायची कुणाची छाती आहे? त्याच्या बापाला जमणार नाही. बस म्हणते ना!"

हे बाकीच्यांनीही ऐकलं. "बसा ताई," एक म्हणाली. "बसा, बसा," असं मग सगळीकडून आलं. जिनं नान्तेनेला टोमणा मारला होता तीही म्हणाली. ट्रकवरची माणसं आपोआप बाजूला झाली. ती कोरोगोची होती, त्यांना हे शिकवायला नको होतं.

वोरोकिया चालत गेली आणि पुढच्या खोक्यावर बसली.

लाकूड खरखरीत होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. लासिना दारात उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याचे केस एवढे पिकल्याचं तिच्या आधी लक्षात आलं नव्हतं. एरवी तो बोलत असायचा, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघायला वेळ मिळत नसे. त्यानं तिला बसलेलं पाहिलं आणि डोळे मिटले. मग खांदे पडले. तो आता मागं फिरेल, ट्रक रिकामा नेईल आणि पलीकडे जाऊन ज्याला जे सांगायचं ते सांगेल, हे त्याच्याकडे बघून कुणीही सांगितलं असतं.

"जिंकलीस गं बाई," नान्तेने पुटपुटली.

"लासिना," वोरोकिया म्हणाली. "आल्यापासून एक शिवी दिली नाहीस."

"नाही."

"का?"

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "दिली असती तर तू मागितलं असतंस," तो म्हणाला. "आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं. मला वाटलं, नीट बोललो, परक्यासारखा बोललो, तर तू पण परक्यासारखी बोलशील. कागद बघशील."

"मूर्ख आहेस."

"आहे."

"ड्रायरखेरीज बँकेला तारण काय दिलंयस?"

त्यानं ट्रककडे पाहिलं.

"लासिना, मी बसलेय. मी विचारतेय."

"कोरोगोचं घर," तो म्हणाला. "आई राहते ते."

त्याच्या आईला वोरोकिया ओळखत होती. म्हातारीला दिसत नव्हतं. झुमाना तिच्याकडे गेला की ती त्याचा चेहरा चाचपायची आणि म्हणायची, हा देम्बेले फार कुरूप आहे, ह्याला परत न्या. झुमाना गेल्यावर तिनं त्याच्यासाठी पलीकडून कापड पाठवलं होतं, कफनाचं, स्वतःसाठी ठेवलेलं.

ते कापड गुंडाळून झुमानाला अंगणात ठेवलं होतं त्या सकाळी वोरोकिया इतर बायकांबरोबर भिंतीला टेकून उभी होती. बायकांनी दफनाला जायचं नसतं, तेव्हा अंगण ते फाटक, एवढंच तिच्या वाट्याला होतं. पुरुषांनी तिरडी उचलली आणि फाटकापाशी येऊन ते थबकले, कारण फाटकात लासिना कोने आडवा पडला होता. नवा पांढरा झगा घालून, मातीत. हा माझा गुलाम आहे, तो ओरडत होता, ह्याला मी रजा दिलेली नाही! हा आळशी झोपेचं सोंग करतोय, उतरवा खाली! तिरडी खांद्यावर घेतलेले पुरुष हसू लागले. इमामसुद्धा हसला. भिंतीला टेकलेल्या बायका रडता रडता हसल्या. आणि वोरोकियाला एक क्षणभर, एकच क्षण, खरोखर वाटलं की हा उठला नाही तर दादा जाणार नाही. हा असाच पडून राहील, आणि दादा अंगणात राहील.

मग रिवाजाप्रमाणे, वाट सोडण्याचं मोल म्हणून, कुणीतरी लासिनाच्या हातात कोला ठेवला होता. लासिना उठला होता. झग्याची माती न झटकता त्यानं गर्दीत शिरून तिरडीला स्वतःचा खांदा दिला होता.

"ताई, उठू नका हं," मागून एकजण म्हणाली.

वोरोकियानं नान्तेनेकडे पाहिलं. "ऑफिसात टेबलावर कोला आहे. आण."

"कशाला?"

"आण गं."

नान्तेने गेली. ती मुद्दाम सावकाश गेली आणि सावकाश आली. वोरोकियानं पानाची घडी उलगडली, एक बोंड घेतलं, दातांनी फोडलं आणि अर्धं तोंडात टाकलं. कडू होतं. कोला कडूच असतो. ते चावत ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

मग ती उठली.

"वोरो!" नान्तेने म्हणाली.

वोरोकियानं ट्रकवरच्या माणसांना हातानं जवळ बोलावलं. ती आली नाहीत. त्यांनी लासिनाकडे पाहिलं, आणि लासिना जमिनीकडे पाहत होता. तेव्हा वोरोकियानं वाकून खोक्याच्या एका कोपऱ्याखाली स्वतःचे हात घातले.

"उचला," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्यानं उचलवणार नाही."

दोघं पुढं झाले. चौथा कोपरा लासिनानं धरला. खोकं जड होतं. ते हेलकावत शेडबाहेर निघालं तेव्हा बायकांनी वाट दिली. ट्रकपाशी येऊन खोकं टेकवलं तेव्हा लासिनाला धाप लागली होती. त्यानं उरलेल्या अर्ध्या कोलासाठी हात पुढं केला. वोरोकियानं तो कमरेच्या घडीतून काढून दिला.

"गुलामांना उचलता पण येत नाही धड," तो म्हणाला. आवाज फाटला होता, पण शब्द नीट आले. "बोटं चेंगरली असती माझी."

"चेंगरायलाच पाहिजे होती. चवळी खायला एक हात पुरतो."

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. वोरोकियानं स्वयंपाकाच्या चुलीकडे मान वळवून आरोळी दिली, "अगं ते पातेलं द्या ह्याला! पोट बरं झालंय त्याचं!"

दुसरं खोकं चढेपर्यंत लासिना गाडीच्या पायरीवर बसून जेवला. बायका भोवती उभ्या राहिल्या. पोट ठीक नाही म्हणणारा माणूस पातेल्याचा तळ खरवडत होता. नान्तेने लांब उभी होती, हाताची घडी घालून. शेवटी तिलाही राहवलं नाही.

"हळू खा रे! पातेलं तरी ठेव, ते आमचं आहे!"

"म्हातारे," लासिना भरल्या तोंडानं म्हणाला, "तू अजून मेली नाहीस?"

"तुझी तिरडी बघितल्याशिवाय नाही जायची! फाटकात आडवी पडेन!"

"पड, पड. तेवढीच जागा अडेल तुझ्यानं."

आता सगळ्याच हसत होत्या. ट्रकवरची माणसं दोर आवळता आवळता हसत होती. जनरेटर मध्येच कुणीतरी बंद केला असावा, कारण हसणं फार मोठ्यानं ऐकू येत होतं. ट्रक फाटकातून बाहेर पडला. त्याच्यामागं गाडी निघाली, थांबली, काच खाली आली. लासिनानं डोकं बाहेर काढलं. डोळे लाल होते.

"मीठ कमी होतं, देम्बेले!"

"गुलामाला तेवढं चालतं! जा! रजा दिली तुला!"

काच वर गेली. धुळीत गाडी दिसेनाशी झाली तरी बायका फाटकापाशी उभ्या होत्या. लासिना चवळी खाताना कसा दिसत होता याची एकजण नक्कल करत होती, आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. कोपऱ्यात खोकी होती तिथं जमीन बाकीच्या शेडपेक्षा स्वच्छ दिसत होती. जमिनीवर ठेवलेले डबे ओळीत तसेच होते.

नान्तेने वोरोकियाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"उद्या कितीजणींना बोलवायचं?" तिनं विचारलं.

वोरोकियानं फाटकाकडे पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "त्यांचं हसून होऊ दे."